१ बीएचके, पडदा आणि ओपन किचन: दारातून थेट ओटा दिसतो, काय करू?

मुंब्र्याची_सून

नमस्कार आणि सलाम सगळ्यांना. प्रश्न जरा घरगुती आहे पण इथे आर्किटेक्ट लोक पण आहेत आणि आमच्यातले पण आहेत म्हणून विचारतेय.

आम्ही कौशाला रिसेलमध्ये १ बीएचके घेतलाय, कार्पेट ३९० स्क्वेअर फूट. हॉल १० बाय १४, किचन ७ बाय ८, बेडरूम साधारण १० बाय १०. राहणार किती तर मी, नवरा, अम्मी म्हणजे सासूबाई, दीर (२३ वर्षांचा, नोकरी करतो), मुलगी ११ ची आणि मुलगा ७ चा. आम्ही घरात दिरासमोरसुद्धा डोकं झाकतो, माझं माहेर राजापूरकडचं, तिथेही तसंच होतं, फक्त तिथे घर केवढं, पुढे पडवी मागे परसू, कोण आलं ते अंगणातल्या कुत्र्यामुळे आधीच कळायचं.

इथे काय आहे की मेन डोअर उघडलं की नाकासमोर किचन. म्हणजे लॉबीत उभा असलेल्या माणसाला गॅसवर काय शिजतंय ते दिसतं आणि कोण शिजवतंय ते पण. समोरच्या फ्लॅटचं दार आमच्या दाराच्या बरोबर समोर, सहा फुटांवर. त्यांचं दार उघडं आणि आमचं उघडं असलं की दोन घरं मिळून एकच हॉल. संडास-बाथरूमचं दार हॉलमध्ये सोफ्याच्या शेजारी. बेडरूमच्या खिडकीतून पलीकडच्या बिल्डिंगची खिडकी हात लांब केला तर लागेल इतकी जवळ (बरं १५ फूट असेल).

आता कॉन्ट्रॅक्टर म्हणतो किचनची भिंत काढून टाका, ओपन किचन करा, हॉल मोठा दिसेल, सगळे तेच करतायत. नवऱ्यालाही पटलंय. मला विचाराल तर मी दिवसातले सहा तास त्या ओट्यासमोर उभी असते. दूध उतू जायला आलेलं असतं तेव्हाच बेल वाजते, मग ओढणी शोधा, ती दाराच्या मागच्या खुंटीवर, एका हाताने गॅस बंद आणि एका हाताने ओढणी. पार्सलवाला, सिलेंडरवाला, दिराचे मित्र. ओपन किचन झालं तर ओढणी शोधायला तरी कुठे जाऊ? भिंतच नाही तर खुंटी कुठून येणार?

बजेट फार नाहीये. ३९० फुटात पडद्याचं घर होतं का, की हे सगळं वाडा आणि हवेलीवाल्यांसाठीच आहे?

तिरकी_रेघ

आर्किटेक्ट आहे, संभाजीनगरला प्रॅक्टिस करते, जुन्या शहरातली बरीच घरं आतून बघितलीत म्हणून लिहिते.

ताई पहिल्यांदा एक काम करा, कॉन्ट्रॅक्टरला थांबवा आणि फोन घेऊन लॉबीत उभ्या राहा. दार पूर्ण उघडून डोळ्याच्या उंचीवरून एक फोटो. समोरच्या दारातून एक. मग आत सोफ्यावर बसून एक, दीर झोपतो तिथून एक, पलीकडच्या बिल्डिंगच्या बाजूने तुमची खिडकी कशी दिसते तो एक. त्यात जे जे दिसू नये असं वाटतं त्याच्यावर लाल गोल करा. तुमचा प्रॉब्लेम स्क्वेअर फुटाचा कमी आणि रेषेचा जास्त आहे, डोळा आणि ओटा यांच्या मध्ये सरळ रेघ आहे, ती मोडायची.

जुन्या लोकांनी हेच केलंय. ट्युनिसच्या जुन्या शहरात दारातून आत गेलं की आधी स्कीफा लागते, म्हणजे वळणाची देवडीच, त्यातून वळल्याशिवाय अंगण दिसत नाही. कैरोच्या जुन्या घरात त्याच वळणाला मजाझ म्हणतात. शिवाय ट्युनिसमध्ये गल्लीतली समोरासमोरची दारं एकमेकांच्या तोंडावर येऊ नयेत म्हणून थोडी सरकवून बसवायची पद्धत होती. तुमच्या बिल्डरने बरोबर उलटं केलं कारण लिफ्टच्या दोन्ही बाजूला आरशासारखा प्लॅन टाकला की त्याचं ड्रॉइंग अर्ध्या वेळात होतं.

तुमच्याकडे देवडीला जागा नाही, पण:

दाराच्या बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत बघा. बहुतेक दार उघडून भिंतीला टेकत असेल आणि अख्खा हॉल समोर येत असेल. बिजागरी दुसऱ्या बाजूला घेतली की अर्धवट उघडलेलं दारच आडोसा होतं, पार्सल घेताना बाहेरच्याला फक्त तुमचा हात आणि दाराची पाठ दिसते. एक सुतार, एक दिवस, चौकटीत जुन्या खाचा भरायच्या, लॉक उलटं बसवायचं. माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं.

दुसरं, दारापासून साडेतीन-चार फूट आत चपलांचं कपाट, वर साडेसहा फुटांपर्यंत उभ्या लाकडी पट्ट्या. पट्ट्या सरळ नको, ४५ अंशात तिरक्या. तिरक्या पट्ट्यांतून एका तिरक्या कोनातून आरपार दिसतं, दुसऱ्या कोनातून नाही, आणि हवा दोन्हीकडून जाते. हे जमिनीत पक्कं करू नका, उद्या फ्रीज किंवा स्ट्रेचर आत घ्यायची वेळ आली तर सरकवता आलं पाहिजे. बाजूने तीन फूट वाट सोडा.

किचनची भिंत अजिबात पाडू नका. चार इंची असली तरी सोसायटीची परवानगी आणि इंजिनिअरचं मत लागतंच, पण ते सोडा, तुमच्यासाठी ती भिंत सोन्याची आहे. तिथे सरकतं दार करा, फ्लूटेड काचेचं, म्हणजे उभ्या लहरींची काच. उजेड येतो, माणूस नुसता सावलीसारखा दिसतो.

आणि खिडकीला पातळ जाळीचा पडदा लावून निवांत होऊ नका. तो फक्त दिवसा काम करतो. रात्री आत दिवा लागला की गणित उलटं, बाहेरच्याला सगळं दिसतं आणि तुम्हाला काहीच दिसत नाही. ती आरशासारखी फिल्म असते तिचंही तेच. खालच्या भागाला पाच-साडेपाच फुटांपर्यंत फ्रॉस्टेड, वरचं मोकळं. आकाश दिसू दे.

आमची_चाळ_बरी

वाचून गंमत वाटली. मी परळच्या चाळीत वाढलो, १० बाय १२ ची खोली, आठ माणसं, मोरीला आईची जुनी साडी हाच पडदा, आणि दार सकाळी सहाला उघडायचं ते रात्री अकराला बंद. गॅलरीतून जाणारा प्रत्येक जण आत बघून काय वहिनी काय केलंय आज म्हणून विचारायचा. कुणाचं काही बिघडलं नाही. आता सगळ्यांना प्रायव्हसी पाहिजे आणि शेजाऱ्याचं नाव माहीत नाही.

बाय द वे हे फक्त मुसलमानांचं नाही हां. आमच्या गावच्या घरात पण परका माणूस ओटीवरच बसायचा, माजघरात पाय ठेवायची टाप नव्हती.

माजघरातली

@आमची_चाळ_बरी तुमचं काही बिघडलं नसेल, तुमच्या आईला विचारलंत का? मोरीत साडीच्या मागे आंघोळ करताना तिला काय वाटायचं ते. माझी आई अजून सांगते की ती पहाटे चारला उठून आंघोळ उरकायची, हौस म्हणून नाही.

आणि माजघराचं म्हणाल तर तिथे एकच खिडकी होती ती पण गोठ्याकडे उघडणारी. मूळ प्रश्नकर्त्या ताईंना एवढंच सांगीन की आडोशाच्या नावाखाली जी खोली बाईची तीच अंधारी होते, हे सगळ्याच धर्मांत बघितलंय. किचनची खिडकी कुणी बंद करायला सांगितली तर करू नका. धूर तुमच्याच छातीत जाणार आहे.

दोन_पानं_वाचलेला

वालेकुम सलाम ताई. मी मौलाना नाही, फक्त मदरशात काही वर्षं बसलोय, त्यामुळे फतवा समजू नका, फार तर घरातल्या मोठ्या भावाचं बोलणं समजा.

आपल्याकडे पडदा म्हटलं की लोकांना कापड आठवतं नाहीतर भिंत. पण कुराणातली सूरा नूर (नूर नावाचा अध्याय) उघडून बघा, घराबद्दल जे आहे ते बरंचसं विचारून आत येण्याबद्दल आहे. २७ वी आणि २८ वी आयत (म्हणजे वचन), दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय जाऊ नका, आणि परत जा म्हटलं तर परत जा. म्हणजे घरवाल्याला नाही म्हणायचा हक्क आहे आणि पाहुण्याने राग मानायचा नाही. आणि ५८ वी आयत तर तुमच्यासारख्या छोट्या घरांसाठीच आहे असं मला नेहमी वाटतं. तीन वेळा सांगितल्यात, फजरच्या म्हणजे पहाटेच्या नमाजाच्या आधी, दुपारी कपडे उतरवून पडता तेव्हा, आणि इशाच्या म्हणजे रात्रीच्या नमाजानंतर. या तीन वेळी घरातल्या लहान मुलांनी आणि नोकरांनीसुद्धा विचारून आत यायचं. बाकी वेळी ये-जा चालू दे. आता बघा, इथे नवीन खोली बांधा असं कुठे म्हटलंय? त्याच खोलीला दिवसातून तीन वेळा दार लावायला सांगितलंय. ज्याच्याकडे एकच खोली आहे त्यालाही हे करता येतं.

हदीसमध्ये, म्हणजे नबींच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींमध्ये, आहे की नबी सल्लल्लाहू अलैहि वसल्लम कुणाच्या दारात गेले तर दाराच्या समोर उभे राहत नसत, उजव्या नाहीतर डाव्या बाजूला राहत, कारण त्या काळी दारांना पडदे नव्हते. आणि एक माणूस भिंतीच्या भोकातून आत डोकावत होता, तेव्हा त्यांनी सांगितलं की परवानगी मागायची पद्धत नजरेसाठीच तर ठेवलीय. वरच्या आर्किटेक्ट ताई जी रेघ म्हणाल्या ती हीच. दिराच्या मित्रांना एवढं तरी शिकवा, बेल वाजवून बाजूला उभं राहायचं, पीपहोलला डोळा लावायचा नाही (लावतात हो, उलट्या बाजूने).

आता दीर. यावर हदीस कडक आहे, नवऱ्याकडच्या अशा नातेवाईकांबद्दल विचारलं तेव्हा तो तर मौत आहे असं उत्तर आलं. लोक त्यावरून दिराला व्हिलन करतात, बिचाऱ्याची चूक नसते, एकत्र राहताना सवयीने लक्ष सुटतं एवढाच अर्थ घ्या. पण हनफी फिकहमध्ये (हनफी हा सुन्नींचा एक पंथ, फिकह म्हणजे धर्माचा कायदा) एक गोष्ट आहे जी सासरचे लोक सहसा सांगत नाहीत, बायकोला राहायला वेगळी जागा हा तिचा हक्क आहे, आणि अख्खं घर जमत नसेल तर निदान घरातली एक खोली, जिला स्वतंत्र कुलूप आहे. हिदाया या हनफी कायद्याच्या जुन्या ग्रंथात कुलपाचा उल्लेख आहे. तर बेडरूमला साधी कडी नको, चांगलं लॉक लावा आणि चावी तुमच्याकडे.

मग मुलगी. दहा वर्षांनंतर मुलांची अंथरुणं वेगळी करायला सांगितलंय हे तुम्हाला माहीत असेलच. पण चाचा तिला महरम आहे, म्हणजे ज्याच्याशी लग्न होऊच शकत नाही असा जवळचा नातेवाईक, त्यामुळे ती अम्मींजवळ हॉलमध्ये झोपली तरी पडद्याचा प्रश्न नाही. प्रश्न तुमचा आहे कारण रात्री संडासला जायचं तर हॉलमधूनच जावं लागणार.

तिरकी_रेघ

हे मी मिस केलं होतं, थँक्यू. रात्रीची वाट.

मग हॉलमध्ये खिडकीकडच्या कोपऱ्यात दिराचा पलंग आणि त्याच्याभोवती छतालाच एल आकाराचा कर्टन ट्रॅक, हॉस्पिटलमध्ये बेडभोवती असतो तसा. जाड कापड, जमिनीपासून तीन-चार इंच वर. दिवसा सगळं भिंतीला गोळा. पलंगाखाली ओढून काढायची दुसरी गादी, ती मुलाला. अम्मी आणि मुलगी सोफा-कम-बेडवर. बेडरूम तुमची. एक सांगू का, अशा घरांमध्ये सगळे बाईच्या पडद्याचा विचार करतात, पण २३ वर्षांच्या मुलाला शर्ट बदलायला जागा नसते हे कुणी बोलत नाही. तो ट्रॅक त्याच्यासाठी पण आहे.

आवाजाचं पण बघा. बाथरूमचं दार सोफ्याला लागून आहे तर ते पोकळ नको, सॉलिड फ्लश डोअर घ्या, खाली फट कमीत कमी, आणि आत एक्झॉस्ट फॅन. पाहुणे बसलेत म्हणून घरातली बाई दोन-दोन तास बाथरूमला जात नाही, हे मी साइटवर बायकांकडून अनेकदा ऐकलंय, नवऱ्यांकडून एकदाही नाही. बेडरूम आणि हॉलमधल्या भिंतीला कपाट लावा, कपड्यांनी भरलेलं कपाट आवाज बऱ्यापैकी खातं.

मस्कतवाला_दापोलीकर

मी इथे मस्कतला १४ वर्षं. ओमानी लोकांच्या व्हिलात मजलिस म्हणजे पाहुण्यांची बैठक मेन गेटच्या अगदी जवळ असते, तिला बाहेरून वेगळं दार, आतच पाहुण्यांचं वॉशरूम. माझा एक ओमानी मित्र आहे, त्याच्याकडे शंभर वेळा जेवलोय पण त्याच्या घराचा आतला जिना कसा दिसतो मला माहीत नाही. सुरुवातीला अपमान वाटायचा, मग बायकोला इथे आणलं तेव्हा कळलं की माझ्याकडे मित्र आले की ती बेडरूममध्ये पाणी न पिता बसून राहते आणि त्याच्याकडे आम्ही आलोय हे त्याच्या बायकोला जाणवत पण नसेल.

३९० फुटात मजलिस होणार नाही हे कळतं, पण दाराजवळचा पाच फुटांचा पट्टा पाहुण्यांचा असं ठरवून टाका. दोन खुर्च्या तिथे, त्यांची पाठ किचनकडे. सोफ्यावर घरचेच.

आणि एक आयडिया. जुन्या इराणी दारांना दोन कड्या असायच्या, एक जाड ठोकळ्यासारखी आणि एक गोल कडी. पुरुषाने जाड वाजवायची, बाईने कडी, दोघींचा आवाज वेगळा, आत कळायचं की कुणी दार उघडायला जायचं. तुम्ही बेलचं तसं करा. घरच्यांनी दोनदा छोटी, बाहेरचा आपोआप एकदाच वाजवतो. आम्ही केलंय, फुकट आहे.

मुंब्र्याची_सून

जझाकल्लाह सगळ्यांना, इतकं येईल वाटलं नव्हतं. फोटो काढले, लाल गोल केले आणि नवऱ्याला दाखवले. लॉबीतल्या फोटोत मी ओट्यापाशी होते, त्याने बघितलं आणि म्हणाला भिंत राहू दे. दोन महिने भांडले त्याचा उपयोग नाही झाला, एका फोटोने झाला.

दोन प्रश्न राहिले. एक, समोरच्यांनी आता कॅमेऱ्यावाली बेल लावलीय आणि ती बरोबर आमच्या दारात बघते. मी दार उघडलं की माझा व्हिडिओ त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर. बोलायचं कसं? दुसरा जरा लाजिरवाणा, नवीन कमोड बसवतोय तर सासरे असते तर म्हणाले असते किब्ल्याकडे (नमाजाची, म्हणजे मक्केची दिशा) तोंड नको. मी कोकणी म्हणजे शाफई पंथाची, सासर हनफी, कुणाचं धरू?

दोन_पानं_वाचलेला

दुसऱ्याचं सोपं आहे. शाफईंमध्ये बंद बांधकामाच्या आत चालतं असं मत आहे, हनफींमध्ये आतही टाळायचं. आपल्याकडून किब्ला पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे. प्लंबर तसाही यायचाच आहे तर दक्षिणोत्तर बसवून टाका, दोन्ही घरं खूश.

कॅमेऱ्याचं जरा मोठं आहे. उस्मानी तुर्कांनी १८६९ ते १८७६ मध्ये मजल्ला नावाचा कायदा लिहून काढला, त्यात शेजाऱ्यांवर अख्खं प्रकरण आहे. त्यात असं की घरातल्या बायकांचा वावर असतो अशा जागा, म्हणजे अंगण, स्वयंपाकघर, विहिरीचा काठ, शेजाऱ्याच्या खिडकीतून दिसत असतील तर ते मोठं नुकसान धरलं जातं आणि ते दूर करायला लावता येतं. पण खिडकी माणसाच्या उंचीच्या वर असेल तर उगाच शिडी लावून बघेल म्हणून तक्रार करता येत नाही. आणि माझं आवडतं कलम, तुमच्या झाडावर फळं काढायला चढलात आणि तिथून शेजाऱ्याच्या बायका दिसत असतील तर चढण्याआधी दर वेळी त्यांना कळवायचं. झाड तोडा म्हटलेलं नाही, चढू नका पण म्हटलेलं नाही.

तर बेल काढा असं म्हणू नका, चोरीची भीती त्यांनाही आहे. त्या ॲपमध्ये बहुतेक वेळा चित्राचा एक भाग काळा करायची सोय असते, नसेल तर बेल थोडी तिरकी बसवायची पाचर मिळते. अम्मींना शेजारच्या आजींकडे पाठवा, तुम्ही आणि नवरा गेलात तर ते भांडण होईल.

आमची_चाळ_बरी

@माजघरातली आईला फोन केला होता. ती म्हणाली पहाटे साडेचार. मला आयुष्यभर वाटायचं तिला लवकर उठायची आवड आहे.

मुंब्र्याची_सून

अपडेट देते, राहायला येऊन तीन आठवडे झाले.

बिजागरी बदलली, खरंच एका दिवसात झालं. तिरक्या पट्ट्यांचं मात्र सुताराने भन्नाट केलं, तिरपी उलट्या बाजूला. म्हणजे लॉबीतून ओटा स्वच्छ दिसतोय. दोन दिवस तसंच होतं, मग सगळी फ्रेमच वरचं टोक खाली आणि पुढची बाजू मागे अशी उलटून बसवली, पक्की केली नव्हती म्हणून वाचलो. त्यामुळे आता कोरलेली बाजू आत आणि स्क्रूंची डोकी बाहेर आलीत. असू दे.

काचेचं सरकतं दार मस्त. खिडकी उघडी ठेवलीय @माजघरातली, वरचा भाग मोकळा, सकाळी नऊपर्यंत ओट्यावर ऊन येतं. समोरच्या आजींनी अम्मींना चहा पाजला आणि नातवाकडून बेल तिरकी करून घेतली, वर म्हणाल्या की तुमच्या मुलाचे मित्र आमच्या पायपुसण्यावर चपला काढतात ते पण जरा बघा.

बेलचा कोड मुलगा सोडून सगळे पाळतात. मुलगा पाच वेळा वाजवतो, म्हणजे तोही ओळखूच येतो. मुलीने अम्मींच्या बाजूला स्वतःची एक ओढणी बांधून कोपरा केलाय आणि आता आम्हाला बाहेरून सलाम करायला लावते.

दीर आधी हसला होता ट्रॅकला, आयसीयू म्हणाला. आता ऑफिसवरून आला की पडदा ओढून आत. काल विचारत होता की तिकडे आत एक चार्जिंग पॉइंट आणि छोटा पंखा बसेल का. इलेक्ट्रिशियनला रविवारी बोलावलंय.